न्यू यॉर्कात ज्यू डेली शोधायची कशी?

मॅनहॅटनमधल्या कुठल्याही चौकात उभं राहून फोनच्या नकाशावर ‘डेली’ टाकलंत, की पडदा लाल टिकल्यांनी भरून जातो. त्यातल्या सगळ्यात जवळच्या टिकलीपाशी गेलात तर तिथे लॉटरीची तिकिटं, सिगरेटी, दुधाचे डबे, वेफर्सच्या पाकिटांवर आरामात पसरलेलं मांजर आणि तव्यावर अंडं-चीज-बेकनचा पाव भाजणारा एखादा येमेनी भाऊ सापडेल. दुकान वाईट नसतं. सकाळी सहाला, थंडीत, ते देवासारखं धावून येतं. पण आपण शोधत होतो ती डेली ही नव्हे. न्यू यॉर्कच्या बोलीत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही डेलीच म्हणतात, आणि नव्या माणसाचा पहिला घोटाळा इथेच होतो.

माझा दुसरा घोटाळाही सांगून टाकतो. पुण्याहून आलेल्या मित्राला ‘खरी न्यू यॉर्क डेली’ दाखवायची म्हणून मी त्याला टाइम्स स्क्वेअरच्या आसपासच्या एका झगमगीत जागी नेलं. भिंतभर नटनट्यांचे फोटो, निऑनची पाटी, मेन्यू लग्नाच्या अल्बमएवढा. तीस डॉलर मोजून जे आलं ते यंत्रावर कागदासारखं कापलेलं, कडेनं वाळलेलं, मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं मांस. मित्र सभ्य आहे, काही बोलला नाही. मलाच लाज वाटली. त्यानंतर काही वर्षं शनिवार-रविवार हिंडून, इथल्या म्हाताऱ्या सहकाऱ्यांना विचारून आणि बरेच डॉलर वाया घालवून जे कळलं ते इथे मांडतोय. न्यू यॉर्कात नव्यानं आलेल्या, नाहीतर न्यू जर्सीत वर्षानुवर्षं राहूनही तिकडे न वळलेल्या मराठी माणसाला उपयोगी पडावं, एवढीच अपेक्षा.

आधी ठरवा, नक्की काय खायचंय

‘ज्यू खाणं’ म्हणून आपण जे एका टोपलीत टाकतो, ते इथे परंपरेनं तीन वेगळ्या दुकानांत मिळतं. कारण ज्यू आहारनियमांत, म्हणजे कश्रूतमध्ये, मांस आणि दूध एकत्र चालत नाही. भांडीसुद्धा वेगळी. त्यामुळे दुकानंही वेगळी झाली.

पहिली डेली. ही मांसाची. पस्त्रामी, कॉर्न्ड बीफ, जीभ, सलामी, चिकन सूप. दुसरं दुकान ‘अ‍ॅपेटायझिंग’. नाव विचित्र वाटेल, पण न्यू यॉर्कात ते नामच आहे. इथे मासे आणि दुधाचे पदार्थ: खारवलेला नि धुरावलेला सामन, व्हाइटफिश, हेरिंग, क्रीम चीज, बेगल. तिसरं ‘डेअरी रेस्टॉरंट’, जिथे मांस शिरतच नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की बेगल आणि लॉक्स, म्हणजे खारवलेला सामन, खायचं मनात धरून कडक कोशर डेलीत गेलात तर वेटर तुमच्याकडे बघत राहील. क्रीम चीज त्या स्वयंपाकघरात येऊच शकत नाही. उलट रस अँड डॉटर्ससारख्या अ‍ॅपेटायझिंग दुकानात जाऊन पस्त्रामी मागितलीत तर तीही चूक. म्हणून पत्ता शोधण्याआधी पदार्थ ठरवा. मी या लेखात मुख्यतः मांसाच्या डेलीबद्दल बोलणार आहे, बाकी दोघींकडे जाता जाता डोकावू.

कोशर म्हणजे किती कोशर

पाटीवर ज्यू नाव आहे म्हणून दुकान कोशर असतं असं नाही. साधारण तीन पायऱ्या आहेत.

सगळ्यात सैल ती ‘कोशर-स्टाइल’. चव, पदार्थ, वळण सगळं पूर्व युरोपातल्या ज्यू घरांचं, पण नियम पाळायचं बंधन नाही. इथे कॉर्न्ड बीफवर स्विस चीज घातलेलं रूबेन सँडविच मिळतं. शहरातली सगळ्यात प्रसिद्ध डेली, १८८८पासूनची म्हणवणारी ईस्ट हाउस्टन स्ट्रीटवरची कॅट्झ, याच वर्गातली. धर्म पाळणारा ज्यू तिथे जेवणार नाही. पण पस्त्रामीसाठी अख्खं जग जातं.

मधली पायरी म्हणजे कोशर प्रमाणपत्र आहे, दूध-मांस एकत्र होत नाही, पण दुकान शनिवारी, म्हणजे शब्बाथ या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, उघडं. सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली तशी आहे. कर्मठ लोकांना शनिवारचा धंदा खटकतो, म्हणून त्यांच्यातले बरेच जण तिथलं प्रमाणपत्र मानत नाहीत.

आणि तिसरी, कडक ‘ग्लाट कोशर’. शनिवारी टाळं. ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्गमध्ये, कर्मठ हसिदी ज्यूंच्या वस्तीत, रोबलिंग स्ट्रीटवरचं गॉटलीब्ज हे असं ठिकाण.

शनिवारच्या टाळ्याचं मराठी वाचकाला नवल वाटू नये. रायगडच्या किनाऱ्यावरचे आपले बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणूनच गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. नियम तोच. नारळाच्या दुधातलं त्यांचं कालवण हीसुद्धा मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध टाळण्याची कोकणी युक्ती. मात्र डेलीतलं खाणं त्यांचं नाही. ते पोलंड, रशिया, रुमानिया, जर्मनीकडच्या अश्केनाझी ज्यूंचं. अलिबागच्या मलिद्याचा आणि पस्त्रामीचा संबंध जोडायला जाऊ नका.

कोणती पायरी निवडायची? तुम्हाला फक्त चव हवी असेल तर फरक पडत नाही. बरोबर धर्म पाळणारा ज्यू सहकारी असेल तर जागा त्यालाच निवडू द्या, हे सगळ्यात सोपं. डुकराचं मांस टाळणाऱ्या मंडळींना कोशर दुकानात निर्धास्त बसता येतं, हा एक फायदा.

नकाशावर शोधताना

‘डेली’ हा शब्द निरुपयोगी आहे हे कळलंच. त्याऐवजी पदार्थाचं नाव टाका: पस्त्रामी, मात्झो बॉल सूप, क्निश (सारण भरलेला पिठाचा गोळा). मग मेन्यू उघडा आणि कोणाच्या तरी आजीच्या स्वयंपाकघरातले पदार्थ शोधा. जिभेचं सँडविच आहे का? कलेजी वाटून केलेलं चॉप्ड लिव्हर? आतड्यात सारण भरून केलेलं किश्के? कुट्टूचे दाणे आणि फुलपाखरी पास्ता घातलेलं काशा वार्निश्केस? हे पदार्थ पर्यटक मागवत नाहीत. ते मेन्यूवर टिकलेत याचा अर्थ रोजचं म्हातारं गिऱ्हाईक अजून येतंय, आणि ते गिऱ्हाईक फार खडूस असतं. उलट मेन्यूवर पनीनी, रॅप, बरीतो आणि सुशी एकत्र नांदत असतील तर पुढे चला.

नंतर फोटो बघा, दुकानाचे नव्हे, गिऱ्हाइकांनी काढलेले. मांसाच्या चकत्या जाड, ओबडधोबड, कडेला काळपट मसाल्याची साल असलेल्या दिसल्या तर हातानं कापलंय. एकसारख्या गुलाबी घड्या घातलेल्या दिसल्या तर यंत्र. सँडविचची उंची बघून भुलू नका. उंची हा न्यू यॉर्कचा जुना तमाशा आहे. सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवरची कार्नेगी डेली त्यासाठीच गाजलेली होती. ती १९३७ला सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०१६ला बंद पडली. बातमी न वाचता तिच्या पत्त्यावर जाऊन आलेले दोन जण माझ्या ओळखीत आहेत.

यावरूनच पुढचा मुद्दा: निघण्याआधी फोन करा. १९३०च्या दशकात या शहरात सुमारे दीड हजार कोशर डेल्या होत्या, आज अगदी थोड्या उरल्यात. भाडं वाढलं, मांस महागलं, लोक उपनगरात गेले, मालकांची मुलं डॉक्टर-वकील झाली. क्वीन्समधल्या रेगो पार्कची बेन्स बेस्ट १९४५ची, तीही २०१८ला मिटली. इंटरनेटवरच्या जुन्या याद्या अशा मेलेल्या दुकानांनी भरलेल्या आहेत.

आणखी एक, थोडं उलटं वाटेल असं. ज्या वस्तीत आज सगळ्यात जास्त ज्यू राहतात, तिथेच सगळ्यात चांगली डेली असेल असा हिशेब करू नका. बरो पार्क किंवा विल्यम्सबर्गमध्ये कोशर खाण्याची रेलचेल आहे, पण त्यातली बरीच दुकानं शब्बाथसाठी घरी न्यायच्या खाण्याची. गुरुवारी रात्री तिथे चोलेंत मिळतं: मांस, बटाटे, राजमा आणि बार्ली रात्रभर मंद आचेवर ठेवून केलेलं दाट कालवण. ते खाण्यासाठी जरूर जा. पण बसून खायची जुनी डेली अनेकदा अशा ठिकाणी उरलेली असते जिथे ज्यू वस्ती एके काळी होती किंवा ती तिथून पुढे सरकली: लोअर ईस्ट साइड, न्यू जर्सीचं न्यूअर्क.

वार आणि वेळ

शब्बाथ पाळणारं कोशर दुकान शुक्रवारी सूर्यास्ताच्या बरंच आधी बंद होतं. डिसेंबरात इथे साडेचारला अंधारतं, म्हणजे दुपारी दोनच्या सुमारासच शटर खाली यायला लागतं. शनिवारी पूर्ण बंद. हिवाळ्यात काही दुकानं शनिवारी रात्री उघडतात. योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या मोठ्या उपासाच्या दिवशी, विचारूच नका. पासोव्हर सणाच्या आठ दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, फुगवलेला पाव निषिद्ध, त्यामुळे राय ब्रेड नाही. अनेक कोशर डेल्या तेव्हा बंद असतात किंवा वेगळाच मेन्यू ठेवतात. रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, आदल्या दोन दिवसांत जाऊ नका. दादरच्या मिठाईच्या दुकानात दिवाळीच्या आदल्या दिवशी काय होतं ते आठवा.

कॅट्झचं गणित याच्या बरोबर उलटं. ते शुक्रवारी उघडलं की रात्रभर बंदच होत नाही. शनिवारी दुपारी एकला गेलात तर रांग फुटपाथवरून वळून गेलेली असेल. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी साडेतीनच्या सुमारास जा. मला स्वतःला मंगळवार मानवतो.

आत गेल्यावर काय बघायचं

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण चांगली आणि बरी यातला फरक इथेच कळतो.

पस्त्रामी कशी होते ते आधी समजून घ्या. रुमानियातून आलेल्या ज्यूंनी ती आणली. तिकडे ती हंसाच्या मांसाची करत. न्यू यॉर्कात हंस महाग आणि बीफचा पोटाकडचा चरबीदार भाग, ज्याला इथे नेव्हल म्हणतात, स्वस्त. म्हणून ती बीफची झाली. तो तुकडा आधी मीठ, साखर, लसूण आणि क्षार घातलेल्या पाण्यात कित्येक दिवस मुरतो. मग त्याला भरडलेले धणे आणि काळी मिरी चोपडतात. हो, धणे! आपल्या कांदा-लसूण मसाल्याच्या घरातल्या माणसाला पहिल्या घासाला ती चव ओळखीची का वाटते, त्याचं उत्तर हे. मग धुरी. मग शिजवणं. आणि शेवटी वाफ. कॉर्न्ड बीफ हा त्याचा सख्खा भाऊ, पण तो ब्रिस्केटचा, म्हणजे छातीकडच्या मांसाचा. खारवून थेट उकडलेला, धुरी नाही आणि धण्या-मिऱ्याची सालही नाही.

सगळी मेख शेवटच्या वाफेत आहे. दोन-तीन तास वाफवलेली पस्त्रामी इतकी मऊ होते की यंत्राच्या पात्याखाली तिचा भुगा होतो. त्यामुळे यंत्र वापरणाऱ्या दुकानाला ती कमी वाफवावी लागते किंवा थंड करून कापावी लागते. हातानं कापणाऱ्याला ती अडचण नाही. तो मांसाचा धागा बघतो आणि त्याला आडवी सुरी चालवतो, जाड आणि तिरपी. म्हणून आत शिरल्यावर पहिलं काम: काउंटरमागे सुरी दिसते की चक्र. दुसरं काम: मांस कुठून बाहेर येतंय. झाकण उघडल्यावर वाफेचा लोट आला तर उत्तम. काचेमागे आधीच कापून रचून ठेवलं असेल तर कितीही जुनी पाटी असो, ते वाळलेलं असणार.

मांस यायच्या आधी टेबलावर लोणच्याची वाटी येते. त्यावरूनच अर्धा निकाल लागतो. ही काकडी व्हिनेगरमधली नसते, नुसत्या मिठाच्या पाण्यात लसूण आणि मसाल्याबरोबर आंबवलेली असते. आपल्या खारातल्या कैरीची परदेशी बहीण म्हणा. ‘हाफ सावर’ थोडे दिवस मुरलेली, अजून हिरवीगार आणि चावल्यावर कटकन मोडणारी. ‘फुल सावर’ पूर्ण आंबलेली, शेवाळी रंगाची. ज्या दुकानात दोन्ही मिळतात आणि दोन्ही कुरकुरीत असतात, तिथे कोणीतरी लक्ष देतंय. गोडसर, पिवळट, चकत्या केलेलं लोणचं आलं तर मी सँडविचच्या अपेक्षा तिथेच खाली आणतो.

पाव रायचा. त्यात बहुधा कॅरवेचे दाणे असतात, दिसायला शहाजिऱ्यासारखे. चांगली दुकानं अख्खी पावरोटी पुन्हा भट्टीत गरम करून मगच कापतात, म्हणजे कडा तडतडीत आणि आत मऊ. पिशवीतला आयता कापलेला राय गरम मांसाच्या वाफेनं दोन मिनिटांत चिंबतो आणि सँडविच हातातच कोसळतं. मोहरी तपकिरी, जाडसर वाटलेली. फेसलेल्या मोहरीसारखी नाकात झणकली पाहिजे.

मात्झो बॉल सूप मागवलंत तर गोळ्याकडे बघा. मात्झो या न फुगवलेल्या कडक पोळीचा चुरा, अंडं आणि कोंबडीची चरबी यांचा हा गोळा. तो तरंगणारा हलका असावा की बुडणारा घट्ट, यावर ज्यू घरांमध्ये आपल्या पुरणपोळी-गुळपोळीच्या वादासारखे वाद चालतात. मी तरंगणाऱ्यांच्या बाजूचा. सूप मात्र पिवळं, स्वच्छ आणि शेपूच्या वासाचं हवं. गढूळ असेल तर पुडीतलं.

वातावरणाला मी सगळ्यात कमी गुण देतो. वेटर तुसडा असला तर ती परंपरा समजा. पुण्याच्या माणसाला याची वेगळी तालीम लागणार नाही.

मागवायचं कसं

पहिल्यांदा जात असाल तर राय ब्रेडवर पस्त्रामी, मोहरी, बस्स. ‘लीन’ म्हणू नका. चरबी काढली की जे उरतं ते चामड्यासारखं लागतं, आणि मग लोक पस्त्रामीलाच नावं ठेवतात. ‘ज्यूसी’ म्हणा. मेयोनीज मागू नका. कोणी हाकलणार नाही, पण धण्या-मिऱ्याची चव त्याखाली मरते.

किंमत पंचवीस-तीस डॉलरच्या घरात जाते. ऐकून धक्का बसतो, पण मुरवून, धुरी देऊन, शिजवून कच्च्या मांसाचं वजन खूप घटतं आणि वर दिवसांचे दिवस जातात. दोघांत एक सँडविच, एक सूप आणि एक क्निश घेतलं तर पोट भरतं. काही दुकानं वाटून खाण्यासाठी वेगळा आकार लावतात, ते मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात असतं.

पेयात डॉक्टर ब्राउनचा सेलरी सोडा एकदा तरी प्या. सेलरीची चव असलेला सोडा ऐकायला भयंकर वाटतो, पण चरबीदार घासावर तो जलजिऱ्याचं काम करतो. नाही आवडला तर ब्लॅक चेरी आहेच. एग क्रीम नावाच्या पेयात अंडंही नसतं आणि क्रीमही. दूध, सोडा आणि चॉकलेट सिरप एवढंच. दूध असल्यामुळे ते मांसाच्या कोशर डेलीत तसं मिळत नाही.

कॅट्झची पद्धत वेगळी, म्हणून ती सांगतो. दारातच प्रत्येकाच्या हातात एक तिकीट देतात. जे घ्याल ते त्यावर लिहिलं जातं आणि बाहेर पडताना ते गल्ल्यावर द्यायचं, कोरं असलं तरी. हरवलंत तर दंड भरावा लागतो, तेव्हा पोरांच्या हातात देऊ नका. मग सुरी चालवणाऱ्यांपैकी एकाच्या रांगेत उभं राहायचं. पस्त्रामीची रांग आणि पेय-फ्राइजची रांग वेगळी. तो तुम्हाला बशीत एक तुकडा चाखायला देतो. त्याच्या समोरच्या पेल्यात एक-दोन डॉलर टाका. भिंतीकडेच्या टेबलांवर वेटर येतात, पण त्यात सुरीवाल्याशी गप्पा मारायची मजा गेली. टेबलावर बसून जेवलात, इथे किंवा कुठेही, तर अठरा-वीस टक्के टिप धरूनच चला.

बीफ खात नसाल तर

स्पष्टच सांगतो: पस्त्रामी, कॉर्न्ड बीफ, ब्रिस्केट, जीभ, सलामी आणि इथलं हॉटडॉग, सगळं गाईबैलाचं मांस. वेटर सांगणार नाही, कारण त्याला ते सांगायची गरजच वाटत नाही. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी ‘कॉर्न्ड’ वाचून मक्याचं काहीतरी असेल असं समजून मागवायची तयारी केली होती. इथल्या ‘कॉर्न’चा अर्थ मिठाचे जाड खडे.

चिकन-टर्की चालत असेल तर टर्की पस्त्रामी मागा. मसाला तोच असतो, चव साठ टक्के तरी पोचते. भाजलेल्या टर्कीचं सँडविच आणि चिकन सूपही आहे. एकाच सुरी-फळीवर सगळं कापलं जातं, हे ज्याला खटकेल त्यानं आधीच विचार करावा.

शाकाहारी मंडळींना डेलीत नेऊन फक्त कोलस्लॉ खायला लावू नका, तो छळ आहे. कोशर पाकिटावर ‘पार्व’ लिहिलेलं असतं तेव्हा त्यात मांस आणि दूध नाही इतकंच कळतं. अंडं किंवा मासे असू शकतात. बटाट्याचे लाटके आणि क्निश कशात तळलेत हे विचारा, कारण कोंबडीच्या चरबीचा, श्माल्ट्झचा, हात सैल असतो. त्यापेक्षा सरळ बी अँड एच डेअरीत न्या. सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर १९३८पासून उभी असलेली चिंचोळी खानावळ, काउंटर आणि मोजकी टेबलं. मांस नाहीच, माशांचे काही पदार्थ असतात ते टाळा. बोर्श्त हे बीटाचं सूप, ब्लिंट्झ ही चीज भरलेली पातळ धिरडी, आणि लोण्यात न्हालेला ‘खाला’ नावाचा ज्यू पाव. माझी आई दर वेळी आली की तिथेच जायचं म्हणते.

लोअर ईस्ट साइडची एक दुपार

एकच दिवस हाताशी असेल तर हे करा. एफ ट्रेननं सेकंड अ‍ॅव्हेन्यू स्टेशनला उतरा. ईस्ट हाउस्टन स्ट्रीटवर एका ओळीत तीन ठिकाणं आहेत. योना शिमेलची क्निश बेकरी १९१०ची. बटाट्याचा, कुट्टूचा किंवा पालकाचा भाजलेला क्निश, एकच घ्या आणि वाटून खा. पुढे रस अँड डॉटर्स, १९१४चं. ‘अँड सन्स’ असणाऱ्या पाट्यांच्या जमान्यात मालकानं तीन मुलींना भागीदार करून पाटीवर ‘डॉटर्स’ लिहिलं. नंबर घ्यायचा आणि थांबायचं. सामन किती पातळ कापतात ते बघण्यासाठी तरी थांबाच. शेवटी कॅट्झ.

पाय शिल्लक असतील तर दक्षिणेला ग्रँड स्ट्रीटवर पिकल गाइजची पिंपं बघून या, तिथून हाफ सावर बांधून घ्या. हे दुकान शनिवारी बंद.

मॅनहॅटनच्या वरच्या भागात राहत असाल तर ८६व्या रस्त्याजवळ, अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूवर, बार्नी ग्रीनग्रास. धंदा १९०८चा, या जागेत १९२९पासून. स्टर्जन मासा आणि अंडी, सकाळी. सोमवारी बंद. आणि बसून निवांत कोशर मांसाहार करायचा तर सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली, जी नावाप्रमाणे सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर नाही. १९५४ला ती तिथे दहाव्या रस्त्यापाशी सुरू झाली. तिचे संस्थापक एब लेबेवोल यांचा १९९६ला खून झाला. पुढे भाड्याच्या वादात २००६ला ती बंद पडली आणि पुढच्या वर्षी ३३व्या रस्त्यावर पुन्हा उघडली. जुन्या पत्त्यावर यिडिश रंगभूमीच्या नटांची नावं कोरलेला फुटपाथ आहे, तो पाहून मग ३३व्या रस्त्यावर जेवायला जा. चॉप्ड लिव्हरसाठी मी हिलाच पहिला नंबर देईन.

पुलापलीकडे आणि नदीपलीकडे

ब्रुकलिनच्या नॉस्ट्रँड अ‍ॅव्हेन्यूवरचं डेव्हिड्स ब्रिस्केट हाउस येमेनी मुस्लिम चालवतात. मूळ मालक ज्यू. वस्ती बदलली, मालक बदलले, पस्त्रामीची रीत राहिली. ‘अस्सल’ शब्दावर वाद घालणाऱ्यांना मी इथे घेऊन येतो. ब्राँक्समध्ये रिव्हरडेलची लीबमन्स, १९५३ची, कोशर. १ नंबरच्या ट्रेननं शेवटाकडे जायचं. शहरातल्या डेलीत पर्यटकांच्या गराड्यात दबून जाणारी गोष्ट इथे दिसते: तिसऱ्या पिढीचं गिऱ्हाईक, नेहमीचं टेबल.

न्यू जर्सीकरांनी आधी न्यूअर्क करावं. ब्रॅनफर्ड प्लेसवरची हॉबीज ही कोर्टकचेऱ्यांच्या भागातली जुनी डेली, १९६२पासून एकाच कुटुंबाकडे. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून न्यूअर्क पेन स्टेशनला गाडी जाते, तिथून चालत. ही मुख्यतः कामाच्या दिवसांची, दुपारच्या जेवणाची जागा, म्हणून वेळ विचारून जा. आणि खुद्द एडिसनमध्ये, ओक ट्री रोडच्या आपल्या मंडईपासून थोड्याच अंतरावर, हॅरल्ड्स न्यू यॉर्क डेली आहे. गाडी लागते. तिथलं एक सँडविच चार माणसांचं, ज्यादा पाव मिळतो आणि लोणच्याचं अख्खं टेबल मांडलेलं असतं. उंचीच्या तमाशाला मी वर नाक मुरडलं खरं, पण पाहुण्यांचा जथा आला की मीही तिकडेच गाडी वळवतो.

घरी नेताना

पौंडावर घ्या आणि शक्यतो न कापलेला तुकडा मागा. कापलेली पस्त्रामी फ्रिजमध्ये एका रात्रीत सुकते. घरी मायक्रोवेव्हला हात लावू नका. इडलीपात्र काढा, साच्यांऐवजी आत चाळणी बसवा, तुकडा ठेवा आणि मंद आचेवर वाफवा. पौंडभर तुकड्याला तासभर तरी लागतो, मोठ्याला दोन-तीन तास. काटा अलगद आत गेला की झालं. पाणी आटतंय का बघत राहा, कुकर वापरलात तर शिटी काढून. मग धागा कुठल्या दिशेनं जातोय ते पाहून आडवं कापा. सुरी धार लावलेली हवी, भाजीची चालणार नाही.